आठ महिन्यांची जुनीपुराणी गिटार

आमच्या ऑफिसातला उस्ताद आपली नवी गिटार घेऊन तालमीला आला, तेव्हा मला आधी वाटलं की त्याच्या घराला आग लागून गेली असावी.

गिटारीचा रंग जागोजागी उडाला होता. आतलं लाकूड दिसत होतं आणि त्या लाकडावर, पिढ्यानपिढ्या कुणी हात पुसावेत तसा, काळपट थर बसला होता. तारांच्या खुंट्या गंजलेल्या. वरच्या टोकाला सिगारेटचा चटका. मी विमा कंपनीत नुकसानभरपाई विभागात आहे. मोडलेल्या, जळलेल्या आणि पाण्यात बुडून फुगलेल्या वस्तूंचे अहवाल लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे सवयीने तोंडातून निघालं, "कधी झालं रे हे? पंचनामा केलास का?"

"साहेब, नवी आहे," उस्ताद म्हणाला. "कालच आली. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं."

मग त्याने आम्हांला समजावून सांगितलं. अशा गिटारी म्हणे कारखान्यातच जुन्या करून मिळतात. आधी चांगली कोरी गिटार बनवायची, मग तिच्यावर कारागीर बसवायचे. ते तिला घासतात, ठोकतात, गंजवतात, चटके देतात. जेवढे हाल जास्त तेवढी किंमत जास्त. सोबत प्रमाणपत्रही येतं, की सदर नुकसान कुशल हातांनी केलेलं आहे. मी ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं. आमच्या विभागात असा कागद कुणी जोडला असता, तर 'हेतुपुरस्सर केलेले नुकसान' असा शेरा मारून मी तो दावा पाच मिनिटांत फेटाळला असता आणि चहाला गेलो असतो.

आमचा बँड चौघांचा. उस्ताद कॉम्प्युटर विभागात आहे. तो डोळे मिटून वाजवतो म्हणून त्याला उस्ताद म्हणतात. ड्रमवर कॅशियर. रोज शेकडो पावत्यांवर शिक्के मारून त्याच्या हातात लय बसली आहे. गायला रिसेप्शनच्या मॅडम. आणि बास गिटारवर मी. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, पोटातून घुमणारी गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाला ऐकू येत नाही. बंद पडली की मात्र सगळे वळून बघतात. माझ्या नोकरीचंही तसंच असल्यामुळे मला हे वाद्य पहिल्यापासून जवळचं वाटलं.

तालीम रेकॉर्ड रूममध्ये व्हायची, कारण तिथल्या फायली आवाज बाहेर जाऊ देत नाहीत. (माहितीही जाऊ देत नाहीत, पण तो विषय वेगळा.) सहा आठवड्यांवर ऑफिसा-ऑफिसांमधली संगीत स्पर्धा होती. मॅडमनी उस्तादच्या गिटारीवरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती आयुष्य पाहिलंय हिने!"

वास्तविक तिने खोक्याच्या आतल्या बाजूखेरीज काहीही पाहिलेलं नव्हतं. पण मग सगळ्यांची नजर माझ्या बासकडे वळली. लालभडक, कोरी, चकाकणारी. लेकीने पहिल्या पगारातून मला आणून दिलेली.

"छान आहे," उस्ताद म्हणाला. आजारी माणसाला 'चेहरा बरा दिसतोय आज' म्हणतात, त्या सुरात. "फक्त जरा... फार स्वच्छ आहे."

"नव्या फ्रिजसारखी," कॅशियर म्हणाला.

"स्टेजवर लाइट पडला ना, की लोकांना वाटेल काका आत्ताच शिकायला लागलेत," मॅडम म्हणाल्या.

मी खरोखरच आत्ताच शिकायला लागलो होतो. साडेसहा महिने झाले होते. पण एखादी गोष्ट खरी आहे म्हणून ती चारचौघांत बोलून दाखवायची असं थोडंच आहे?

घरी आल्यावर बायकोला मी माझा बेत सांगितला. उस्तादच्या गिटारीला कारखान्यात जे करतात ते मी घरी करणार. तिने भाजी निवडता निवडता सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, या घरात जुनं व्हायला कुठल्या वस्तूला आजवर तुमची मदत लागली? मिक्सर आपला आपण गेला. गिझर आपला आपण गेला. सोफा तर आपण बाहेरगावी असतानाही खचतो. एकच वस्तू जरा चकाकतेय, तर तुम्हांला बघवत नाही."

"तुला नाही कळायचं. यात कला असते."

"पोरीने पहिल्या पगारातून आणलीय ती," बायको म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडे तिचं आत जाणं हा पूर्णविराम असतो.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. ती स्पर्धेला येणार होती. मी स्वतःची समजूत घातली की वस्तू वापरली की झिजतेच. मी फक्त झिजेचा वेग थोडा वाढवतोय. असली वाक्यं मी दावेदारांच्या तोंडून सव्वीस वर्षं ऐकत आलोय. ती इतकी पटण्यासारखी असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. उस्तादने एका म्हाताऱ्या वादकाचा फोटो दिला होता, त्याच्या बासवर कुठे कुठे रंग उडालाय ते बघून नक्कल करायची होती. मी तारा काढल्या, चार स्क्रू काढून मान वेगळी केली आणि उरलेल्या धडावर शून्य नंबरचा पॉलिश पेपर फिरवायला सुरुवात केली. दीड तास घासल्यावर गिटार आधीपेक्षा जास्त चमकू लागली.

मग मी चिडून ऐंशी नंबरचा, खरखरीत पेपर घेतला. चार हात मारले आणि रंग गेला, रंगाखालचा पांढरा थरही गेला, आणि थाळीएवढं लाकूड उघडं पडलं. उस्तादच्या गिटारीचं लाकूड कसं अनुभवी दिसत होतं. माझं दिसत होतं खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

एवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. ते आमच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या हातात एक शर्ट होता, जो सकाळपर्यंत पांढरा होता.

"तुमच्या गॅलरीतून लाल धूळ पडतेय."

मी माफी मागितली. माफी त्यांना नको होती, अर्ज हवा होता. घरात काम काढलं तर सोसायटीचा छापील अर्ज भरावा लागतो. 'कामाचे स्वरूप' यापुढे मी सुवाच्य अक्षरात 'वाद्याची देखभाल' असं लिहिलं.

"असं नाही चालत," सेक्रेटरी म्हणाले. "दोनच रकाने आहेत. दुरुस्ती किंवा तोडफोड. एकावर खूण करा."

मी बराच वेळ त्या दोन चौकोनांकडे बघत राहिलो. शेवटी 'तोडफोड'वर खूण केली. त्या दिवसापासून जिन्यात भेटणारे लोक मला विचारू लागले, "कुठली भिंत पाडताय?"

खरचटलेल्या लाकडाला वय आणण्यासाठी मी कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्या काकांकडे गेलो. जुनं फर्निचर नवं करून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी धड उलटसुलट करून बघितलं.

"पडली काय?"

"नाही, मीच केलं."

"रागात?"

"नाही हो, मुद्दाम. शौक म्हणून. याला जरा जुनं दिसेल असं काहीतरी लावून द्या."

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. लोक आजोबांचं कपाट घेऊन येतात, म्हणतात, काका, नवं करून द्या. मी करतो. आता तुम्ही नवं घेऊन आलात आणि म्हणताय जुनं करा. मग मी चाळीस वर्षं चुकीच्या दिशेला घासत होतो की काय?"

निघताना त्यांनी दया येऊन सांगितलं, की चहाचं पाणी चोळा आणि वर काळं बूट पॉलिश लावा. पैसे घेतले नाहीत. मला वाटतं, त्यांना या कामाशी आपलं नाव जोडून घ्यायचं नव्हतं.

आता धातूचे भाग. शेजारच्या सरांनी हायस्कुलात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शिकवण्याची खुमखुमी तशीच होती. फक्त विद्यार्थी मिळत नव्हता. मी नुसतं "सर, गंज कसा आणायचा हो?" असं विचारायचा अवकाश, त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि चाळीस मिनिटं फळ्याशिवाय शिकवलं. मग आतून एक बाटली आणली. प्रयोगशाळेची आठवण म्हणून त्यांनी जपून ठेवलेलं आम्ल होतं त्यात.

"हे वाटीत ओता. शेजारी तुमचे स्क्रू न्‌ खुंट्या ठेवा. बंद जागेत, दोन दिवस. वाफांनीच काम होईल. आणि तिथे जास्त वेळ थांबू नका."

आमच्या घरात बंद जागा एकच, ती म्हणजे पाहुण्यांसाठीची बाथरूम. मी सगळी मांडणी केली, दार लावलं, खालच्या फटीला टॉवेल लावला. दोन दिवसांनी नाकाला रुमाल बांधून दार उघडलं. सरांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. नळ गंजले होते. टॉवेलची दांडी गंजली होती. आरशाची चौकट, दाराची कडी, बायकोच्या केसांच्या पिना, सगळं शंभर वर्षांपूर्वीचं दिसत होतं. फक्त माझ्या खुंट्या आणि स्क्रू वाटीशेजारी झळाळत होते. लेकीने गिटार चांगल्या प्रतीची घेतली होती.

"प्रयोग यशस्वी आहे," सर म्हणाले. "नमुनाच चुकीचा निवडलात."

बायकोने नवीन नळांचा आकडा एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावला, एवढंच.

फ्रिजचा उल्लेख आलाच आहे तर पुढचंही सांगून टाकतो. उस्ताद म्हणाला, "साहेब, खरी गंमत तड्यांमध्ये असते. रंगावर केसासारखे बारीक तडे हवेत. गिटार गोठवायची आणि मग एकदम गरम हवा मारायची." गिटारीचं धड आमच्या फ्रीझरमध्ये मावेना. तिरकं करून, बर्फाचे ट्रे काढून, दार दोरीने बांधून पाहिलं. तेव्हा बायको दुसऱ्यांदा बोलली. "एक तर ती राहील या घरात, नाहीतर दूध."

म्हणून मी घाऊक बाजारामागच्या शीतगृहात गेलो. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आत मॅनेजर स्वेटर घालून बसला होता. त्याने फॉर्म पुढे ओढला.

"माल?"

"गिटार. म्हणजे गिटारीचं धड."

"फळं, भाज्या, दूध, मासे, फुलं, औषधं. यात कुठे बसतं?"

"इतर नाही का काही?"

"नुसतं 'इतर' नाही. फळं-इतर आहे, भाज्या-इतर आहे, मासे-इतर आहे. वास येतो का?"

"थोडा. बूट पॉलिशचा."

"मग भाज्या-इतर," त्याने लिहिलं. "काढणीची तारीख?"

मी खरेदीची तारीख सांगितली.

"किती दिवस टिकेल?"

"नीट ठेवली तर पन्नास-साठ वर्षं."

आता त्याने पहिल्यांदा मान वर केली. "पाच दिवस लिहितो. रकान्यात एकच आकडा बसतो."

शेवटी एक प्रतिज्ञापत्र होतं, की सदर भाजी ताजी असून तिला कीड नाही व तिच्यावर कृत्रिम रंग चढवलेला नाही. मी सही केली. सव्वीस वर्षांत मी कुठल्याही खोट्या कागदावर सही केलेली नव्हती. सुरुवात भाजीपासून झाली.

तीन दिवसांनी आणायला गेलो तर फाटक बंद. तपासणी चालू होती. आत एक अन्न तपासणी अधिकारी बाई यादी घेऊन रांगेरांगेने फिरत होत्या.

"भाज्या-इतर, एक नग. कुणाचा?"

मी पुढे झालो. "माझा. पण मॅडम, ती भाजी नाही. गिटार आहे."

"कागदावर भाजी आहे."

"कागदावर आहे, पण तुम्ही प्रत्यक्ष बघा ना."

"मी कागदावरच्या मालाचा नमुना घेते," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रत्यक्ष काय आहे ते प्रयोगशाळा ठरवेल."

नियमाने इतकं काटेकोर चालणारी व्यक्ती एरवी मला फार आवडली असती. त्यांच्या मदतनिसाने कोबीत खुपसायची सुरी गिटारीत खुपसून पाहिली. ती वाकली. मग त्याने खोकी ठोकणाऱ्या सुताराची पटाशी मागून आणली आणि कडेजवळचा अंगठ्याएवढा ढलपा काढून पिशवीत टाकला. बाईंनी माल हुंगला. "बूट पॉलिश?"

"हो."

त्यांनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि गिटारीच्या पाठीवर तळहाताएवढा जांभळा शिक्का हाणला. 'मानवी सेवनास अयोग्य.'

"ही शाई कशाने जाते हो?" मी विचारलं.

"जात नाही. जाऊ नये म्हणूनच बनवलेली असते."

आणि तडे? तीन दिवस गोठून, वर अर्धा तास हेअर ड्रायरची गरम हवा खाऊनही, रंगावर एक तडा पडला नव्हता. मी शिक्का थिनरने घासला, साबणाने घासला, लिंबाने घासला. शिक्क्याभोवतालचा रंग गेला. शिक्का उलट जास्त उठून दिसू लागला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी लेक आली. मी नुकतीच गिटार जोडून, पट्टा गळ्यात अडकवून उभा होतो. तिने बॅग दारातच टाकली.

"बाबा!"

तिने पुढे होऊन त्या खरवडलेल्या, चहा पाजलेल्या, पॉलिश लावलेल्या जागेवर हात ठेवला. मी गिटार पोटाशी घट्ट धरली, कारण पाठीमागे शिक्का होता.

"आठ महिन्यांत इतकी वाजवलीस?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, कपाटावर पडून असेल. मैत्रिणींना म्हटलंही होतं मी, चार दिवस वाजवेल आणि ठेवून देईल. आणि तू..."

खरं सांगायची वेळ ती होती. आमच्या विभागाचा अनुभव आहे, की पहिल्या भेटीतच खरं बोलणाऱ्या दावेदाराचं सहसा वाईट होत नाही. हा अनुभव मी नव्या लोकांना प्रशिक्षणात सांगतो.

"वेळ मिळेल तशी वाजवतो," मी म्हणालो.

बायको चहाचा ट्रे घेऊन येत होती. "हो ना," ती म्हणाली. "सारखे घासत असतात."

लेकीने माझा गिटारीसकट फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. तिला गिटार हातात घ्यायची होती. मी सांगितलं, की स्पर्धेआधी दुसऱ्याचा हात लागला तर सूर हलतात. तिला तेही पटलं. समोरचा इतका विश्वास ठेवू लागला, की खोटं बोलण्यात काही मजा राहत नाही. ते एक काम होऊन बसतं. जेवतानाही मी गिटार गळ्यात घालून बसलो होतो. सवय राहावी म्हणून, असं म्हणालो.

स्पर्धेला हॉल भरला होता. परीक्षक म्हणून एक सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले होते. पस्तीस वर्षं मोठमोठ्या वाद्यवृंदांत त्यांनी बास वाजवलेली. सुरुवातीला त्यांनी आपली बास काढून एक छोटा तुकडा वाजवला. आरशासारखी लखलखीत होती ती.

"नवी घेतलेली दिसतेय," उस्ताद माझ्या कानात म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी कीव होती.

आमचा नंबर चौथा. पहिलं गाणं व्यवस्थित झालं. दुसरंही झालं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, जिथून ढलपा काढला होता तिथला पट्ट्याचा स्क्रू लाकडातून निसटला. एका बाजूने गिटार खाली आली. मी डावा गुडघा वर उचलून ती झेलली आणि उरलेलं गाणं एका पायावर उभा राहून वाजवलं. एके ठिकाणी चुकलो. लोकांना वाटलं असावं, की ही उभं राहण्याची पद्धतच आहे, टाळ्या पडल्या. मी पाठ दिसू न देता बगळ्यासारखा उड्या मारत विंगेकडे निघालो.

"एक मिनिट," परीक्षक माइकवर म्हणाले. "बासवाले काका, जरा तुमचं वाद्य बघू?"

ते स्टेजवर आले. वाद्य मागणाऱ्या परीक्षकाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं, मायेने उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिक्का मोठ्याने वाचला. माइक चालू होता.

हॉल कोसळला. मागच्या रांगेतले लोक पुढच्यांना विचारत होते आणि कळलं की पुन्हा नव्याने हसत होते. परीक्षक स्वतः हसले नाहीत. त्यांनी गिटार सरळ केली आणि खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ही झीज इथे कशी काय?" त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं. "वाजवताना हात वरच्या कडेवर टेकतो. तुमची खालची कड झिजलीय. इथे हात पोहोचायचा म्हणजे कोपर उलटं वळायला हवं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उस्तादने दिलेल्या फोटोतला म्हातारा डावखुरा होता. त्याने गिटारच उलटी धरली होती.

"तुमची कशी नवी राहिली हो?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"नवी कुठली? पस्तीस वर्षांची आहे. वाजवून झाली की पुसतो आणि पेटीत ठेवतो." मग माइकवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "तिसऱ्यात चुकलात. पण सावरलंत चांगलं."

मी खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत बायको पदराआड हसत होती. लेक हसत नव्हती.

आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. विंगेत उस्तादने मला गाठलं आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "साहेब, तो शिक्का कुठे मारून मिळतो?" घरी जाताना टॅक्सीत लेक खिडकीबाहेर बघत होती, आणि गिटार आम्हां दोघांच्या मध्ये, पाठ वर करून, पडली होती. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत बसलो होतो. लेक दोन कप चहा घेऊन आली. रात्री आईने तिला सगळं सांगितलं होतं.

"तुला लाल रंग आवडला नव्हता का?"

"आवडला होता."

"मग?"

मी सहा कारणं तयार ठेवली होती. सगळी तिने पाच सेकंदांत फेटाळली असती. शेवटी मुलगी माझी आहे.

"तिच्याकडे बघून कुणालाही कळायचं, की हा माणूस नवशिका आहे," मी म्हणालो. "त्रेपन्नाव्या वर्षी नवशिका. मला वाटलं, ती जुनी दिसली तर मीही... म्हणजे, बरीच वर्षं वाजवतोय असं वाटेल."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मलाही."

तिने चहा संपवला. "चार दुकानं फिरले होते मी. दुकानदार म्हणाला, वडिलांसाठी असेल तर काळी घ्या, वयाला शोभेल. मी म्हटलं, माझ्या बाबाला लालच."

खालच्या गॅलरीत सेक्रेटरी शर्ट वाळत घालत होते. त्यांनी मान वर करून आधी आमच्याकडे आणि मग आभाळाकडे बघितलं.

"वाजव," ती म्हणाली.

मी गिटार मांडीवर घेतली आणि पहिलं गाणं वाजवलं. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. गाणं संपल्यावर तिने तो हात ओढून घेतला आणि उलटा केला. चारही बोटांच्या टोकांवर कातडं जाड होऊन पिवळट पडलं होतं.

"हे काय? पॉलिश पेपर?"

"नाही गं."

"त्या सरांचं आम्ल?"

"नाही. तारांनी झालंय. रोज सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास बसतो ना."

"रोज?"

"बाथरूमची आणि शीतगृहाची भानगड चालली होती ते दिवस सोडून."

तिने एकेक बोट दाबून बघितलं. नखाने टोचून बघितलं. नुकसानीची पाहणी मी इतक्या बारकाईने कधी केली नसेल.

"दुखतं?"

"आधी फार दुखायचं. आता कळत नाही."

ती माझा हात तसाच धरून बसली. मग तिने फोन काढला, बोटांचा फोटो घेतला आणि त्याच मैत्रिणींना पाठवला.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"'हे ओरिजिनल.'" तिने फोन बाजूला ठेवला. "आता ते तिसरं गाणं वाजव. काल चुकलास ते."

मी वाजवलं आणि पुन्हा तिथेच चुकलो.

"परत," ती म्हणाली.